आधी घर, मग ससा



या सदरात एरवी शिष्यवृत्तीचे फॉर्म, रेशनकार्डावरची नावे, दहावीनंतर काय, अशाच गोष्टी येतात. या वेळी पिंजऱ्यावर लिहिते आहे. कोणी हसले तर हसू द्या. पण गेल्या काही महिन्यांत विहारातल्या तीन आयांनी मला एकच प्रश्न विचारला. पोरगं प्राणी पाहिजे म्हणून हट्ट धरून बसलंय, काय करू? माझ्या धाकट्या बहिणीच्या घरी तर हा प्रश्न एप्रिलपासून पेटलेला होता.

भाचा पाचवीतून सहावीत गेला. परीक्षा संपली त्या दिवशी मोबाईल घेऊन माझ्याकडे आला. म्हणाला, "मावशी, मला हा पायजे." पडद्यावर राखाडी रंगाचा, गोल कानांचा, झुबकेदार शेपटीचा एक प्राणी धुळीत लोळत होता. चिंचिला त्याचे नाव. मी जन्मात पाहिला नव्हता. बहिणीने दुकानात चौकशी केली तर किंमत ऐकून परतच आली, तिच्या दोन महिन्यांच्या पगाराहून ती जास्त होती. पण भाच्याला मी किमतीचे कारण सांगितले नाही. गरिबी हे कारण मुलाला सांगितले की ते मूल गप्प बसते, पण त्याला काही समजत नाही.

मी माहिती काढली. हा प्राणी दक्षिण अमेरिकेतल्या अँडीज पर्वतावरचा. अंगावर इतकी दाट लव की भिजली तर वाळता वाळत नाही, म्हणून तो पाण्याऐवजी बारीक धुळीने आंघोळ करतो. या लवेच्या कोटासाठी माणसांनी त्याची एवढी शिकार केली की १९१० साली चिली, बोलिव्हिया, पेरू आणि अर्जेंटिना या चार देशांना करार करून ती थांबवावी लागली. थंड आणि कोरड्या हवेत राहणारा जीव आहे. पारा २५ अंशांच्या वर गेला की त्याला त्रास सुरू होतो, आणि हवा दमट असेल तर उष्माघाताने मरतो. ज्यांच्या घरी रात्रंदिवस एसी चालतो त्यांनी त्याचा विचार करावा.

मी भाच्याला भिंतीवर टांगायचे एक थर्मामीटर आणून दिले आणि एक वही दिली. म्हटले, रोज दुपारी दोन वाजता आकडा लिहायचा, पंधरा दिवस. त्यांची खोली पुनर्वसनाच्या इमारतीत चौथ्या मजल्यावर, तीनशे चौरस फुटांची, माणसे पाच. पंधरा दिवसांत सर्वांत कमी आकडा ३२ आणि सर्वांत जास्त ३५. सोळाव्या दिवशी वही माझ्यासमोर ठेवून तो म्हणाला, "मावशी, हा इथं जगणार नाय ना?" मी मान हलवली. रडला, पण थोडाच. आकडे त्याने स्वतः लिहिलेले होते.

आता एक जुनी गोष्ट सांगते, कारण ती सांगितल्याशिवाय पुढचे पटणार नाही.

१९९१ साल. माझा वर्गात पहिला नंबर आला म्हणून वडिलांनी बाजारातून दोन पांढरे ससे आणले, बुटाच्या खोक्यात घालून. १९८२ च्या संपात वडिलांची गिरणी सुटली होती. तेव्हापासून मिळेल ते काम करत होते. दोन ससे म्हणजे त्यांच्या दोन दिवसांच्या पोटाला चिमटा होता. आमची पत्र्याची खोली. शेजाऱ्यांच्या कोंबड्यांचे जुने खुराडे होते, त्यावर वडिलांनी कोंबडीजाळी ठोकली आणि ते चुलीशेजारी ठेवले. आम्ही त्यांना चपाती, पाव, बिस्किटे, जे आम्ही खात होतो ते प्रेमाने भरवले. मे महिन्यात एका दुपारी शाळेच्या मैत्रिणीकडून मी घरी आले तर एक ससा तोंड उघडे टाकून आडवा पडला होता, छाती भात्यासारखी उडत होती. आईने त्याच्यावर बादलीभर पाणी ओतले. संध्याकाळपर्यंत गेला. दुसरा पावसाळ्याच्या सुरुवातीला घुशीने नेला. कोंबडीजाळी हाताने वाकते, घुशीला तिचे काय? त्या रात्री वडील जेवले नाहीत. पक्कड घेऊन ती वाकलेली जाळी सरळ करत बसले होते, आत कोणी नसताना.

वडिलांना मी दोष देत नाही. त्यांना कोणी सांगितलेच नव्हते. पण आता मला माहीत आहे, आणि माहीत असून मी भाच्याच्या हातात खोक्यातला ससा दिला असता तर तो दोष माझा होता.

वर्षावासाची तयारी ठरवायला विहारात बसलो होतो, तेव्हा हा विषय निघाला. एक जुने कार्यकर्ते म्हणाले, "बाई, आपल्या माणसांना पाय पसरायला जागा नाही आणि तुम्ही सशाला बंगला बांधताय!" सगळे हसले, मीही हसले. पण प्रश्न रास्त आहे, तो टाळून चालणार नाही. मी त्यांना एवढेच म्हटले की, कोणी कुठे राहायचे आणि किती जागेत राहायचे हे दुसऱ्याने ठरवले की काय होते, ते गावकुसाबाहेर राहिलेल्या माणसांना सांगावे लागत नाही. पिंजऱ्यातल्या जिवाची जागा आपण ठरवतो. पुरेशी देता येत नसेल तर आणूच नये. जागा नाही म्हणून नकार देणे हेही पंचशीलातल्या पहिल्या शीलाला धरूनच आहे. पण आपल्याला हौस नको, ती मोठ्यांच्या घरची, असे म्हणू नका. राजगृहातला १९३४ च्या फेब्रुवारीतला बाबासाहेबांचा कुटुंबासोबतचा फोटो पुष्कळांच्या घरात आहे. त्यात माता रमाई आहेत, यशवंतराव आहेत, आणि त्यांच्यासोबत बाबासाहेबांचा लाडका कुत्रा टॉबीही आहे. पुन्हा पाहा.

असो. चिंचिला नाही, मग कोण? शेजारच्या काकूंनी पोपट सुचवला. आपल्याकडचा हिरवा पोपट पाळणे हा १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हा आहे, चाळीत घरोघरी टांगलेला दिसला तरी गुन्हाच आहे. गावाकडे कापणीच्या वेळी रानसशाची पिल्ले सापडतात, तीही घरी आणायची नाहीत, त्यांनाही तोच कायदा. पाळायचा तो पाळीव ससा, ज्याचे मूळ युरोपातले. तोही उन्हाचा जीव नाही, ३० अंशांच्या पुढे त्यालाही जड जाते, पण सावली, गारवा आणि लक्ष एवढे दिले तर आपल्या हवेत तो निभावतो. म्हणून आम्ही ठरवले की पिंजरा मेमध्ये तयार करायचा आणि ससा आणायचा तो पाऊस स्थिर झाल्यावर. आणखी एक हिशेब भाच्यासमोर मांडला. चांगला सांभाळला तर ससा आठ-दहा वर्षे जगतो. "तू बारावीला असशील तेव्हाही याच्या लेंड्या काढायच्या आहेत." तो म्हणाला, काढीन. बहीण म्हणाली, "ताई, लिहून घे त्याच्याकडून." लिहून घेतले.

पिंजऱ्याचे माप ठरवायला आम्ही ससा कसा वागतो तिथून सुरुवात केली. त्याला आडवे पसरता आले पाहिजे, मागच्या पायांवर उभा राहिला तर कान छताला लागू नयेत, आणि सलग तीन उड्या मारता याव्यात. तीन उड्यांना सहा फूट लागतात. सहा फूट आमच्याकडे नव्हते. बहिणीच्या यजमानांची जुनी पत्र्याची पेटी हलवली तेव्हा भिंतीलगत चार फूट बाय दोन फूट जागा निघाली. म्हणून पिंजरा चार फूट लांब, दोन फूट रुंद, सव्वादोन फूट उंच केला, आणि नियम केला की तो सशाची झोपायची खोली आहे, राहायचे घर नाही. रोज किमान चार तास दार उघडे आणि ससा खोलीत मोकळा. हे चार तास ज्या घरात शक्य नाहीत त्या घराने चार फुटांचा पिंजरा करू नये. दुकानात मिळणारा दीड फुटाचा रंगीत पिंजरा तर सामान ठेवायलाही नको. पुरेशी हालचाल करता येणार नाही अशा पिंजऱ्यात जनावर कोंडणे हा १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याच्या ११ व्या कलमाखाली गुन्हा आहे.

आमच्या विहारातले एक काका फॅब्रिकेशनचे काम करतात. भंगारातले अँगल त्यांनी आणले, जाळी मात्र नवी, अर्ध्या इंचाच्या चौकोनांची वेल्डमेश. तिच्यातून मोठा उंदीर येत नाही आणि सशाच्या दाताने ती तुटत नाही. आत निघालेले प्रत्येक तारेचे टोक काकांनी कानशीने घासले आणि मग स्वतःच्या मनगटाची आतली बाजू सगळीकडून फिरवून पाहिली, कुठे ओरखडा येतो का. रंग लावला नाही. ससा गज चावतो, रंग पोटात जातो. दार वरून न करता समोरून केले, हात आत जाऊन कोपऱ्यापर्यंत पोहोचेल एवढे मोठे. वरून येणारा हात सशाला घारीसारखा वाटतो. दाराला कड्या दोन, कारण मांजर एक कडी पंजाने उघडते.

सगळ्यात महत्त्वाचे तळाबद्दल. कोंबड्यांच्या पिंजऱ्यासारखा जाळीचा तळ सशाला अजिबात चालत नाही. कुत्र्या-मांजरासारखी गादी त्याच्या तळपायाला नसते, फक्त केस असतात. जाळीवर उभा राहून त्याच्या टाचा सोलवटतात, जखमा होतात, त्या भरता भरत नाहीत. आम्ही प्लायचा तळ केला, त्यावर वर्तमानपत्रांचे थर आणि वर जाड वाळलेले गवत. एका बाजूला फूटभर शहाबादी लादी ठेवली, उन्हाळ्यात तिच्यावर पोट टेकून तो गार होतो. एका कोपऱ्यात प्लॅस्टिकचा उथळ ट्रे, त्यात कागद आणि गवत. ससा बहुतेक एकाच कोपऱ्यात लघवी करतो, तो कोपरा त्याने निवडला की ट्रे तिथे सरकवायचा. लपायला जागा हवीच. बुरूडाकडून बांबूची मोठी टोपली आणली, कडेला दार कापले आणि उपडी घातली. चावली तरी हरकत नाही, बांबूच आहे. पाण्याला जड कुंडा, सहज उलटणार नाही असा. पिंजऱ्याला खाली तीन इंचांचे पाय, आणि वर फळी टाकून अंथरुणांच्या घड्या. तीनशे फुटांत कोणतीही जागा एका कामापुरती ठेवून परवडत नाही.

पिंजरा कुठे ठेवायचा यावर दोन दिवस वाद झाला. बाल्कनीत दुपारचे ऊन आणि पावसाची झड, म्हणून ती बाद. टीव्हीशेजारी नाही, कारण सशाचे कान आपल्यापेक्षा फार तिखट. वंदनेच्या जागेजवळही नाही. मेणबत्ती आणि अगरबत्ती आपली, धूर मात्र त्या छोट्या फुफ्फुसात जातो. डासांची कॉइल तर त्या खोलीत लावायचीच नाही असे ठरले, पिंजऱ्यावर आणि माणसांवर मच्छरदाणी आली.

मग ससा मोकळा सुटल्यावर कशाकशाला तोंड लावील, हे बघायला भाचा स्वतः जमिनीवर पालथा पडून खोलीभर सरपटला. ही युक्ती त्याचीच. त्याला दिसलेल्या गोष्टी आम्हा उभ्या माणसांना दिसल्या नव्हत्या. फ्रिजची वायर, चार्जरची वायर, आणि ओट्याखाली गॅसची रबरी नळी. सशाचे दात आयुष्यभर वाढतात आणि तो काहीतरी चावतच राहतो. वायर चावली तर तो मरेल, गॅसची नळी चावली तर सगळे घर जाईल. वायरी पाइपात घातल्या आणि ओट्याला खालून फळीचे दार बसवले. त्याचा खर्च पिंजऱ्याच्या निम्म्याने आला, पण तो मी सशाच्या नावावर टाकला नाही. घरात रांगते मूल असते तरी तो करायलाच हवा होता.

खाण्याचे थोडक्यात सांगते. सशाचे मुख्य जेवण म्हणजे वाळलेले गवत, ते चोवीस तास समोर हवे. त्यानेच दात झिजतात आणि आतडी चालतात. तबेल्याजवळच्या गवतवाल्याकडे मिळते, बुरशीचा वास येत असेल तर घेऊ नका. हिरवी हरळी त्याला फार आवडते. हरळी म्हणजेच दुर्वा. आपल्या घरांत त्या पूजेला लागत नाहीत, सशाला मात्र खुशाल द्या, फक्त धुऊन, आणि फवारणीच्या बागेतल्या नकोत. कोथिंबीर आणि मुळ्याचा पाला थोडा थोडा चालतो. गाजर त्याचे जेवण नव्हे, ते त्याचे पेढे. चपाती, पाव, बिस्किट, कांदा, लसूण, बटाट्याचा पाला, चॉकलेट बंद. रात्री तो स्वतःच्या मऊ लेंड्या खाताना दिसेल, घाबरू नका, मुलांना ओरडू नका. ते त्याच्या पचनाचे अंग आहे. घाबरायचे ते त्याने खाणे सोडले किंवा लेंड्या बंद झाल्या तर. बारा तास असे गेले तर घरगुती उपाय न करता डॉक्टर गाठावा. मुंबईकरांना परळचे बैलघोडा हॉस्पिटल ठाऊकच आहे. इतर गावांतल्या वाचकांनी ससा आणण्याआधीच, सशावर उपचार करणारा डॉक्टर कुठे आहे हे विचारून ठेवावे.

ऊन वाढले तर पाण्याची बाटली बर्फ करून, फडक्यात गुंडाळून पिंजऱ्यात ठेवावी, तो तिला टेकून बसतो. ससा घामाने गार होत नाही, कानांतून उष्णता सोडतो. तोंड उघडून धापा टाकू लागला तर कान साध्या पाण्याने ओले करून ताबडतोब डॉक्टरकडे न्यावे. बादली ओतू नये. माझ्या आईला हे कोणी सांगितले असते तर!

नर-मादी जोडी चुकूनही आणू नका. मादी महिनाभरात विते आणि विताच पुन्हा गाभण राहू शकते. चार महिन्यांत तुमच्याकडे ससे किती आणि चौरस फूट किती, हा हिशेब बी.कॉम.लाही जमणार नाही. बाजारात अगदी कोवळी पिल्ले विकतात, आठ आठवड्यांच्या आतले घेऊ नका. कान धरून उचलून दाखवणाऱ्या विक्रेत्याकडून तर काहीच घेऊ नका. एक हात छातीखाली आणि एक मागच्या पायांखाली, असेच उचलायचे. अधांतरी लाथ मारताना त्याचा स्वतःचाच कणा मोडतो.

जूनच्या पहिल्या आठवड्यात पिंजरा तयार झाला आणि तो रिकामाच उभा राहिला. ही माझी अट होती. महिनाभर रिकाम्या पिंजऱ्याचे सगळे काम करायचे. सकाळी शाळेआधी पाणी बदलायचे, कागद बदलायचा, गवत घालायचे, दुपारी तापमान लिहायचे. पहिला आठवडा उत्साहात गेला. दुसऱ्या आठवड्यात शाळा सुरू झाली आणि दोन दिवस चुकले. वहीत त्याने लपवले नाही. "आज विसरलो. ससा तहानेला राहिला," असे लिहिले होते. बहीण मला म्हणाली, "ताई, पुरे आता, पोराला किती छळशील?" मी म्हटले, रिकाम्या पिंजऱ्यात विसरला हे बरे झाले. त्यानंतर चुकला नाही. दुपारचा आकडा जुलैत २९ वर आला.

विकत घ्यायची वेळच आली नाही. शेजारच्या इमारतीतले एक कुटुंब गावी परत चालले होते, त्यांच्याकडे दीड वर्षाची पांढरी मादी होती. त्यांना ती कोणाला तरी द्यायची होती. ती आली तीच दीड फुटाच्या पिंजऱ्यात, अंग वळवायलाही जागा नाही अशी. नव्या पिंजऱ्यात सोडल्यावर सरळ टोपलीखाली गेली आणि दिवसभर बाहेर आली नाही. भाच्याचा चेहरा पडला. मी म्हटले, तिला हात लावू नकोस, तू फक्त जवळ बसून अभ्यास कर.

त्या रात्री मी बहिणीकडेच झोपले होते. दोनच्या सुमारास अंधारात आवाज आला. धप. थोडा वेळ शांतता. मग धप, धप. भाचा जागाच होता. अंथरुणातून हळूच म्हणाला, "मावशी, ती उड्या मारतीय."

सकाळी वहीत लिहिले होते: "तापमान २९. गवत संपलं. पाणी अर्धं. लेंड्या भरपूर."